बाळंतपणाची रात्र

बऱ्हाणपुरातलं सगळ्यात प्रसिद्ध मरण हे एका बाळंतिणीचं मरण आहे. जून १६३१. शाहजहान दख्खनच्या मोहिमेवर होता आणि तळ आमच्या या गावात पडला होता. मुमताज महल चौदाव्यांदा बाळंत झाली. मुलगी जगली, आई गेली. देह सहाएक महिने तापीपलीकडे जैनाबादला ठेवला आणि मग आग्र्याला नेला. पुढचं सगळ्या जगाला ठाऊक आहे.

बाहेरून पाहुणे आले की मी त्यांना शाही किल्ला दाखवायला नेतो. हमामाच्या छतावरचे रंग अजून टिकून आहेत, ते बघून लोक हरखतात. ताजमहाल इथेच व्हायचा होता म्हणे, अशी चर्चा होते. ती बाई कशाने गेली हे मात्र क्वचितच कोणी विचारतं. शाही हकीम होते, अनुभवी दाया होत्या, हाताखाली दासी होत्या. कळा लांबत चालल्या तेव्हा थोरल्या मुलीने, जहांआराने, दुवा मिळावी म्हणून गोरगरिबांना जवाहीर वाटलं, असं इथे सांगतात. ती गोष्ट खरी असो वा नसो, मला ती विसरता येत नाही. घरात होतं नव्हतं ते सगळं देऊन झालं आणि उपयोग काहीच झाला नाही. त्या काळी दख्खनेत भीषण दुष्काळ होता. तापीच्या दोन्ही काठांवर त्या वर्षी किती बाळंतिणी गेल्या असतील, त्यांची नोंद कुठल्याही बखरीत नाही.

बादशहाकडे संपत्ती होती, पण बाळंतिणीचा रक्तस्राव थांबवण्याची विद्या तेव्हा पृथ्वीवर कुठेच नव्हती. पुढे तीनशे वर्षांत ती विद्या आली. आली ती शहरांत आली, मोठ्या इमारतींत आली, आणि पैशाच्या पाठोपाठ चालत राहिली. खेड्यातली बाई होती तिथेच राहिली. विद्या असूनही ती बाई मरत राहिली, ही गोष्ट मला १६३१च्या मरणापेक्षा जास्त टोचते. म्हणूनच जे थोडे डॉक्टर ही विद्या घेऊन उलट्या वाटेने, पैशाकडे पाठ करून चालत गेले, त्यांच्याविषयी लिहावंसं वाटतं. त्यांतले बरेच ख्रिस्ती मिशनरी होते, किंवा मिशनच्या संस्कारांत वाढलेले होते.

लिहायला निमित्त झाली माझी भाची. तिची इंटर्नशिप आता संपत आलीय. खासगी मेडिकल कॉलेज, घर गहाण, वर बँकेचं कर्ज. मी तिला खेड्यात काम केलेल्या जामखेडच्या आरोळे डॉक्टर दांपत्याविषयी सांगत होतो. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मामा, चांगलंच आहे ते. पण त्यांच्या डोक्यावर कर्ज नव्हतं का?"

हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. आपण त्यागाच्या गोष्टी सांगतो तेव्हा त्यागामागचा हिशेब गाळून टाकतो, आणि मग ऐकणाऱ्या पोरांना वाटतं की ती माणसं वेगळ्याच मातीची होती. म्हणून मी थोडं मागे जातो.

तमिळ मुलखात तिंडीवनम नावाचं गाव आहे. तिथे एका अमेरिकन मिशनरी डॉक्टरची तरुण मुलगी, आयडा स्कडर, आजारी आईच्या मदतीला आली होती. घराण्यात दोन पिढ्या मिशनरी, पण या मुलीला ते आयुष्य नको होतं. अमेरिकेला परत जायचं, चांगलं लग्न करायचं, एवढंच तिच्या मनात होतं. एका रात्री एकामागून एक तिघेजण दारात आले. एक ब्राह्मण, एक मुसलमान, एक वरच्या जातीतला आणखी कोणी. तिघांच्या घरी बायको अडलेली. आयडा म्हणाली, मी डॉक्टर नाही, माझे वडील आहेत, त्यांना घेऊन जा. तिघांनीही नकार दिला. परपुरुषाचा हात बायकोला लागू द्यायचा नव्हता. सकाळ होईपर्यंत तिघी गेल्या होत्या. त्या रात्रीने तिचा बेत मोडला. ती अमेरिकेला गेली ती डॉक्टर होण्यासाठी. १८९९ साली कॉर्नेलमधून पदवी घेतली, १९०० साली परतली, वेल्लोरला वडिलांच्या घरातल्या एका खोलीत दवाखाना काढला आणि १९१८ साली मुलींसाठी वैद्यकीय शाळा सुरू केली. लग्न केलं नाही. १९६० साली वारली तोवर त्या एका खोलीचं आशियातल्या नामांकित रुग्णालयांपैकी एक झालेलं होतं.

या कथेत मला सगळ्यात मोलाची वाटते ती शाळा. एका डॉक्टरणीने आयुष्यभर बाळंतपणं केली असती तरी किती केली असती? तिने मुलींना शिकवलं. मुलगेही १९४७पासून तिथे घेऊ लागले. आणि भाचीच्या प्रश्नाचं उत्तरही तिथेच आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने फी मुद्दाम कमी ठेवली. चर्चच्या पुरस्कारावर आलेल्या विद्यार्थ्याने शिकून झाल्यावर काही काळ आडगावच्या मिशन रुग्णालयात काम करायचं, असा करार असतो. म्हणजे मुलगा किंवा मुलगी डॉक्टर होऊन बाहेर पडते तेव्हा पाठीवर कर्जाचं ओझं नसतं, आणि पहिली काही वर्षं गरिबांमध्येच जातात. त्यातले पुष्कळ नंतर शहरात जातात, परदेशातही जातात. पण काहीजण थांबतात. सेवाभाव हा मनाचा गुण खरा, पण त्याला उभं राहायला जागा लागते, आणि ती जागा कुणीतरी विचारपूर्वक करून ठेवावी लागते.

थांबलेल्यांपैकी दोघे म्हणजे रजनीकांत आणि मेबेल आरोळे. मेबेल या आमच्या मध्य प्रदेशच्या, जबलपूरच्या. वडील तिथल्या धर्मशास्त्र महाविद्यालयात शिकवत. रजनीकांत नगर जिल्ह्यातले. वेल्लोरला एकाच वर्गात होते, आणि परीक्षेत मेबेल पहिल्या, रजनीकांत दुसरे. १९६० साली लग्न झालं तेव्हा दोघांनी मिळून ठरवलं की आयुष्य खेड्यातल्या उपेक्षितांसाठी घालवायचं. लग्नाच्या दिवशी माणसं बऱ्याच आणाभाका घेतात. या दोघांनी ही एक घेतली आणि पाळली. नगर जिल्ह्यातल्याच वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काही वर्षं काढली. तिथे त्यांच्या लक्षात आलं की आपण बरा करून पाठवलेला रोगी तेच दुखणं घेऊन पुन्हा येतो. तेच गढूळ पाणी, तेच उपाशी पोट, तीच अंधारी खोली. औषधाच्या बाटलीने यातलं काहीच बदलत नव्हतं.

मग ते अमेरिकेला गेले. तिथे शस्त्रक्रिया आणि वैद्यकाचं पुढचं शिक्षण घेतलं, आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याची पदवी घेतली. तिथले त्यांचे गुरू कार्ल टेलर हेही भारतातच, मसुरीजवळच्या लंढौरला, मिशनरी आईबापांच्या पोटी जन्मलेले. साठीच्या दशकाअखेर अमेरिकेत भारतीय डॉक्टरांना तोटा कशाचा नव्हता. आरोळे राहिले असते तर कुणीही नाव ठेवलं नसतं. उलट घरोघरी कौतुकच झालं असतं. ते १९७० साली परतले आणि जामखेडला गेले. जामखेड म्हणजे नगर जिल्ह्याचं टोक. पाऊस रुसलेला, अर्धी माणसं ऊसतोडीला गेलेली. तिथे जनावरांचा एक जुना, ओस पडलेला दवाखाना मिळाला, त्यात त्यांनी माणसांचा दवाखाना थाटला.

लोकांना विचारलं, तुम्हाला काय हवं? लोक म्हणाले, पाणी आणि अन्न. बाहत्तरचा दुष्काळ तोंडावर आला होता. डॉक्टर विहिरी आणि हातपंपांच्या मागे लागले. पंप दलित वस्तीत बसवले की बाकीच्या गावाला पाण्यासाठी त्या वस्तीत यावं लागे. पुस्तकातून जे शिकवता येत नाही ते या एका हातपंपाने शिकवलं. शेतकऱ्यांची मंडळं निघाली, पोरांसाठी गावातच अन्न शिजू लागलं.

आणि तरीही बाळंतिणी मरत होत्या. शहरातून शिकून आलेल्या नर्सताई खेड्यात राहायला तयार नव्हत्या, आणि खेड्यातल्या बाया त्यांच्याशी मोकळेपणी बोलत नव्हत्या. तेव्हा गावातल्याच बाईला शिकवा, ही सूचना गावातूनच आली. मला वाटतं, या दोन डॉक्टरांची खरी परीक्षा इथे झाली. पैसा त्यांनी केव्हाच सोडला होता. आता सोडायची होती ती डॉक्टरकीची मक्तेदारी. ज्ञान माझ्याकडे आहे, ते फक्त माझ्याकडेच राहील, आणि तू माझ्या दारात येशील, हा जो डॉक्टर आणि रोगी यांच्यातला न लिहिलेला करार आहे, तो त्यांनी फाडून टाकला.

निवडलेल्या बायका बहुतेक निरक्षर होत्या, अनेकजणी दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. वेगवेगळ्या जातींच्या त्या बाया जामखेडला एकत्र यायच्या, एकत्र जेवायच्या, शेजारी शेजारी झोपायच्या. दर आठवड्याला थोडं थोडं शिकायच्या. गरोदर बाईचं पोट कसं तपासायचं, कुठली बाई धोक्यात आहे आणि तिला वेळेवर दवाखान्यात कसं पाठवायचं, हात साबणाने कसे धुवायचे, नाळ कापायला नवं पातं आणि स्वच्छ दोरा का हवा, जुलाब झालेल्या लेकराला मीठ-साखरेचं पाणी कसं पाजायचं, अंगावरचा बधिर चट्टा आणि न संपणारा खोकला कसा ओळखायचा. यातलं काहीच महागडं नव्हतं. शहाजोग मंडळींनी शंका काढल्या: अडाणी बायांच्या हाती माणसांचे जीव देता? आरोळ्यांनी बायांवर विश्वास ठेवला. विश्वास ठेवण्यालाही कौशल्य लागतं. नुसती मोठी मनं असून भागत नाही. रोज तपासावं लागतं, चुका सुधाराव्या लागतात, पुन्हा शिकवावं लागतं. ते काम त्यांनी कंटाळा न करता वर्षानुवर्षं केलं.

त्या बायांपैकी मुक्ताबाई पोळ पुढे वॉशिंग्टनच्या एका आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत बोलल्या. सभागृहातल्या झगमगत्या झुंबरांकडे बोट दाखवून त्यांनी जे सांगितलं त्याचा मथितार्थ असा: मोठे डॉक्टर या झुंबरांसारखे आहेत, देखणे आणि महाग, पण दूरच्या छताला टांगलेले, मी एक लहानशी पणती आहे, पण पणतीवरून दुसरी पणती लावता येते. समोर जगभरचे तज्ज्ञ बसले होते. माझ्या मते जामखेडविषयी यापेक्षा नेमकं कुणीही बोललेलं नाही, खुद्द आरोळेही नाहीत.

जामखेडच्या गावांत सुरुवातीला हजार जन्मांमागे सुमारे १७६ लेकरं वर्षाच्या आत जात होती. दोन दशकांत तो आकडा विशीच्या आसपास आला. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली आपल्या एका ग्रंथात या कामाची दखल घेतली, १९७८च्या अल्मा-आटा परिषदेत प्राथमिक आरोग्याचा जो विचार जगापुढे आला त्याला अशाच कामांचा आधार होता. आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, १९९० साली पद्मभूषण. मेबेल १९९९ साली गेल्या, रजनीकांत २०११ साली. २००५ साली देशभर आशा कार्यकर्त्या आल्या, त्यांची एक थोरली बहीण म्हणजे जामखेडची ती आरोग्यसेविका.

आता एक अवघड विषय, तो टाळून पुढे जाता येत नाही. मध्य प्रदेशात मिशनरी आणि दवाखाना हे दोन शब्द एकत्र उच्चारले की धर्मांतराचा प्रश्न येतोच. नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या समितीने १९५६ साली दिलेल्या अहवालात शाळा आणि दवाखान्यांचा उपयोग धर्मप्रसारासाठी होतो असा ठपका ठेवला होता. पुढे १९६८ साली या राज्यात धर्मांतराविषयी कायदाही झाला. त्याच्याही आधी आपल्या आनंदीबाई जोशींच्या कहाणीत हे आलेलं आहे. पती गोपाळरावांनी मदतीसाठी कोल्हापूरच्या मिशनऱ्याला पत्र लिहिलं, तर उत्तरात ख्रिस्ती होण्याचा सल्ला मिळाला. आनंदीबाई हिंदूच राहून डॉक्टर झाल्या. ज्या बाईचं दहा दिवसांचं लेकरू गेलं आणि त्या दुःखातून जिने वैद्यक शिकायचं ठरवलं, तिला मदतीच्या बदल्यात धर्म मागणं हे मला तेव्हाही चूकच वाटलं असतं, आजही वाटतं. आजारी माणूस सगळ्यात दुबळा असतो. त्या घडीला त्याच्याकडून काहीही मागू नये, पैसाही नाही आणि श्रद्धाही नाही.

पण हा ठपका सगळ्यांवर सरसकट ठेवणं अन्यायाचं होईल. आमच्या घरी वारकरी माळ आहे, आणि तुकोबांनी साधूची जी खूण सांगितली ती मला मिरजेच्या डॉक्टर वानलेसमध्ये दिसते. कॅनडात जन्मलेला हा माणूस १८८९ साली भारतात आला. मिरजेला १८९४ साली रुग्णालय उभं केलं, १८९७ साली वैद्यकीय शाळा काढली, कुष्ठरोग्यांसाठी आणि क्षयरोग्यांसाठीही सोय केली. संस्थानिक आणि सावकार येत, त्यांची फी रुग्णालयाच्या गल्ल्यात जाई, त्यातून गरिबाची शस्त्रक्रिया होई. डॉक्टरला मिळे तो मिशनचा ठरलेला पगार. एवढ्या नावाजलेल्या सर्जनने मुंबईत खासगी दवाखाना काढला असता तर केवढी माया जमवली असती! १९२८ साली निवृत्त होईपर्यंत ते मिरजेतच राहिले. त्यांच्याही कथेत शाळा आहे, हे माझ्या लक्षात राहतं. ज्यांनी पुढच्या माणसाला शिकवलं त्यांचं काम त्यांच्यानंतरही चाललं. नुसत्या इमारतीला मात्र पैसा लागतोच. मिरजेच्या त्या जुन्या रुग्णालयानेही अलीकडे आर्थिक ओढाताण फार सोसली.

आमच्याच राज्यातल्या बैतूल जिल्ह्यात पाढरला मिशनचं एक रुग्णालय आहे. डॉक्टर क्लेमेंट मॉस यांनी १९५८ साली ते सुरू केलं. भोवती गोंड आणि कोरकूंची वस्ती. २०१२ साली तिथे एका अत्यंत गरीब कुटुंबातल्या जोडलेल्या जुळ्या मुली शस्त्रक्रिया करून वेगळ्या केल्या, त्यासाठी बाहेरून आणि परदेशातूनही डॉक्टर आले. एक वाचली, दुसरी काही दिवसांनी गेली. आईबापांकडे देण्यासारखं काहीही नव्हतं. तरी आडगावच्या त्या रुग्णालयाने नाही म्हटलं नाही.

आणि हे काम एकट्या ख्रिस्ती माणसांचंही नाही. सीमेपलीकडे मेळघाटात बैरागडला रवींद्र आणि स्मिता कोल्हे एक-दोन रुपये फी घेऊन राहिले. गडचिरोलीत १९८६पासून काम करणाऱ्या अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायांना नवजात बाळं वाचवायला शिकवलं. तेही जॉन्स हॉपकिन्सलाच शिकून आले होते. धर्म वेगवेगळे, नावं वेगवेगळी. मिशनऱ्यांचं श्रेय एवढंच, आणि ते लहान नाही, की या वाटेवर त्यांनी पहिल्यांदा पाय टाकला, आणि तोही अशा काळात जेव्हा आपल्याकडची शिकलेली माणसं बाळंतिणीच्या खोलीला विटाळ मानत होती.

भाचीला मी एवढंच म्हणालो: कर्ज फेड, पीजी कर, इंदूरला प्रॅक्टिस केलीस तरी मला वाईट वाटणार नाही. शिकलीस ते मात्र स्वतःपाशी ठेवू नकोस.

हीच विनंती मला बऱ्हाणपूरच्या डॉक्टरांना करायची आहे. तुम्ही जामखेडला जाऊन राहा असं मी म्हणत नाही. तुमची घरं, कर्जं, मुलांच्या फिया मला दिसतात. पण खकनार, धूळकोट, नेपानगरच्या बाजूला आशा ताई आहेत, जुन्या सुईणी आहेत. त्यांना कोरकू येते, बारेली येते, आणि गावातली प्रत्येक गरोदर बाई कुठल्या झोपडीत आहे हे ठाऊक आहे. महिन्यातून एक दुपार त्यांच्याबरोबर बसा. रक्तस्राव कसा ओळखायचा, कुठल्या क्षणी गाडी बोलवायची, फोन कुणाला करायचा, एवढं शिकवा, आणि तुमचा नंबर त्यांच्या हाती द्या. रात्री दोन वाजता तो फोन वाजला तर उचला.